पाहुणे, गावकरी आणि शोधक : सुट्टीतल्या रहस्यकथेचा एक विचार

१

रहस्यकथेत खून कोणी केला या प्रश्नाला वाचक जेवढे महत्त्व देतो, तेवढे तो कोठे झाला या प्रश्नाला देत नाही. स्थळ ही त्याच्या लेखी पार्श्वभूमी असते; नाटकातील पडद्यासारखी, नजरेला सुखावणारी पण कथानकात ढवळाढवळ न करणारी. ही समजूत बहुतेक कथांपुरती चालून जाते. मात्र रहस्यकथेचा एक प्रकार असा आहे, की तेथे स्थळ बदलले तर खूनच घडू शकणार नाही आणि घडला तरी उलगडणार नाही. हवापालटासाठी, विश्रांतीसाठी किंवा शिकारीसाठी एका छोट्या गावात सधन मंडळी जमतात आणि त्यांतील एकाचा संशयास्पद मृत्यू होतो, असे या प्रकाराचे स्थूल स्वरूप सांगता येईल. प्रस्तुत लेखात त्याला ‘सुट्टीतली रहस्यकथा’ असे म्हटले आहे.

या प्रकाराचा विचार सहसा ‘बंदिस्त वर्तुळा’च्या संकल्पनेतून केला जातो. कवी डब्ल्यू. एच. ऑडन यांनी १९४८ साली रहस्यकथेवर लिहिलेल्या प्रसिद्ध निबंधात या वर्तुळाची मीमांसा केली आहे. समाज बंदिस्त असावा म्हणजे बाहेरच्या खुन्याची शक्यता उरत नाही. आणि तो समाज जितका निष्पाप व नंदनवनासारखा असेल तितका खून विसंगत आणि म्हणून परिणामकारक ठरतो, असा त्यांच्या विवेचनाचा गाभा आहे. सुट्टीचे ठिकाण या दोन्ही अपेक्षा पूर्ण करते. पण एका गोष्टीकडे या मांडणीचे लक्ष जात नाही. सुट्टीच्या ठिकाणी एक नव्हे, दोन समाज असतात. एक समाज सुट्टी उपभोगतो. दुसरा ती चालू ठेवतो. पहिला काही दिवसांसाठी आलेला असतो, दुसरा बारा महिने तेथेच राहतो. खोल्या झाडणारी, होडी ओढणारी, पाणी तापवणारी माणसे ऑडन यांच्या नंदनवनात नेमकी कोठे उभी असतात?

हा प्रश्न केवळ समाजशास्त्रीय नाही. शोधक या दोहोंपैकी कोणत्या समाजातून येतो, यावर त्याला काय दिसेल हे ठरते. आणि त्याला जे दिसते तेच वाचकालाही दिसते. सुट्टीतल्या रहस्यकथेचा खरा विषय ‘खुनी कोण’ हा नसून ‘कोणाला कोण दिसते’ हा आहे, हे येथे दोन कादंबऱ्यांच्या आधारे मांडावयाचे आहे. पहिली अगाथा ख्रिस्ती यांची ‘ईव्हिल अंडर द सन’ (१९४१) आणि दुसरी एम. सी. बीटन यांची ‘डेथ ऑफ अ गॉसिप’ (१९८५). विवेचनाच्या ओघात दोन्ही कथानकांची चर्चा करणे अपरिहार्य आहे. पहिल्या कादंबरीतील उलगडाही त्यात येतो.

२

या दोन कादंबऱ्यांकडे वळण्यापूर्वी त्यांच्या आधीची एक कथा लक्षात घेणे उपयुक्त ठरेल. आर्थर कॉनन डॉयल यांची ‘द ॲडव्हेंचर ऑफ द डेव्हिल्स फूट’ ही कथा १९१० च्या डिसेंबरात ‘स्ट्रँड’ मासिकात प्रसिद्ध झाली. अतिश्रमाने खालावलेल्या शेरलॉक होम्सला डॉक्टर सक्तीची विश्रांती सांगतात आणि तो वॉट्सनसह कॉर्नवॉलच्या समुद्रकाठी येऊन राहतो. कथेचा काळ १८९७ चा आहे. तेथे ट्रेगेनिस कुटुंबात एक भयंकर प्रकार घडतो : बहीण मृतावस्थेत आणि दोन भाऊ वेडे झालेले सापडतात. होम्स या प्रकरणाचा छडा लावतो.

या कथेत सुट्टीवर आहे तो शोधक. गुन्हा, त्यामागचा कौटुंबिक मालमत्तेचा वाद आणि बळी हे सारे त्या परिसरातले आहे. शहरातून आलेली बुद्धी गावाचे रहस्य उकलते आणि पुन्हा आपल्या विश्रांतीकडे परतते. येथे पाहणारा पाहुणा आहे आणि पाहिला जातो तो गाव.

ख्रिस्ती यांच्या कादंबरीत ही मांडणी बदलते. तेथे बळी, संशयित, खुनी आणि शोधक असे सारेच पाहुणे आहेत. गाव जवळजवळ नाहीसा झाला आहे. बीटन यांच्या कादंबरीत बळी आणि संशयित पाहुणे आहेत, पण शोधक गावातला आहे. म्हणजे गाव आता पाहुण्यांकडे पाहू लागतो. १९१० ते १९८५ या पाऊणशे वर्षांत दृष्टीची दिशा अशी उलटी फिरली आहे. या तीन कृती म्हणजे या प्रकाराचा संपूर्ण इतिहास नव्हे. परंतु त्याच्या तीन शक्यता त्यांतून स्पष्टपणे हाती लागतात.

३

‘ईव्हिल अंडर द सन’ची घटना डेव्हनच्या किनाऱ्याजवळील स्मगलर्स आयलंड या काल्पनिक बेटावर घडते. या बेटामागे बर्ग आयलंड हे खरे बेट उभे आहे. डेव्हनमधील बिगबरी-ऑन-सी या गावासमोरचे हे बेट भरतीच्या वेळी मुख्य भूमीपासून तुटते. १९२९ साली आर्चिबाल्ड नेटलफोल्ड यांनी तेथे आधुनिक पद्धतीचे हॉटेल उभारले आणि ते सधन व प्रसिद्ध मंडळींचे आवडते ठिकाण बनले. ख्रिस्ती यांच्या १९३९ च्या ‘अँड देन देअर वेअर नन’ या कादंबरीतील बेटामागेही हेच बेट असल्याचे मानले जाते.

कादंबरीच्या आरंभी निवेदक हॉटेलचा पूर्वेतिहास थोडक्यात सांगतो. १७८२ साली कॅप्टन रॉजर अँगमेरिंग या दर्यावर्दी माणसाने बेटावर घर बांधले, तेव्हा तो विक्षिप्तपणा समजला गेला. पुढे १९२२ च्या सुमारास समुद्रकाठी सुट्टी घालवण्याची रूढी पक्की झाली आणि त्या घराचे हॉटेल झाले. हा मजकूर वरवर पाहता प्रास्ताविकाचा वाटतो. प्रत्यक्षात तो कादंबरीचे बीज आहे. समुद्रकिनारा ही निसर्गाने दिलेली वस्तू असली तरी ‘सुट्टीचा किनारा’ ही समाजाने घडवलेली वस्तू आहे, हे त्यातून सूचित होते.

कालसंदर्भही विसरता येत नाही. ब्रिटनमध्ये १९३८ साली भरपगारी रजेचा कायदा झाला आणि त्याद्वारे वेतनमंडळांना कामगारांसाठी आठवड्यापर्यंतच्या रजेची तरतूद करता येऊ लागली. म्हणजे सुट्टी हा तोवर सर्वांचा अधिकार नव्हता. कादंबरीतील हॉटेल त्यामुळेच आपल्या वेगळेपणाबद्दल दक्ष आहे. मालकीण मिसेस कॅसल यांना खुनाइतकीच काळजी आहे ती हॉटेलच्या लौकिकाची आणि बघ्यांच्या गर्दीची. शिवाय कादंबरी प्रकाशित झाली त्या वेळी महायुद्ध सुरू होते. १९४० नंतर इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर अनेक ठिकाणी काटेरी तारा आणि सुरुंग पसरलेले होते. ऊन खात वाळूवर पहुडलेली माणसे हे १९४१ च्या वाचकासाठी वर्तमान नव्हते. नुकतेच हातून निसटलेले जग होते.

४

कादंबरीतील खुनाची योजना एका साध्या निरीक्षणावर उभी आहे, आणि ते निरीक्षण हर्क्युल पायरो खून होण्यापूर्वीच बोलून दाखवतो. उन्हात ओळीने पडलेल्या देहांना व्यक्तित्व उरत नाही. ते सारखेच दिसतात आणि त्यांना पाहून शवागाराची आठवण होते, अशा आशयाचे त्याचे बोलणे आहे. वाचक त्याला विनोद समजून पुढे जातो. मात्र खुनाची गुरुकिल्ली त्याच वाक्यात आहे.

पूर्वाश्रमीची नटी अर्लिना मार्शल ही गळा आवळून मारलेली सापडते. पॅट्रिक रेडफर्न हा तिचा प्रियकर समजला जातो. त्याची पत्नी क्रिस्टीन फिकट वर्णाची, उन्हाला भिणारी, उंचीची भीती असलेली, दुर्बल आणि दुखावलेली स्त्री म्हणून सर्वांना परिचित आहे. पॅट्रिक एमिली ब्रूस्टर या प्रौढ स्त्रीला सोबत घेऊन होडीने पिक्सी कोव्ह येथे जातो. वाळूवर एक उन्हाने रापलेला स्त्रीदेह पालथा पडलेला आहे; डोक्यावरच्या मोठ्या हिरव्या टोपीने चेहरा झाकलेला आहे. पॅट्रिक खाली वाकतो, ती मेल्याचे सांगतो, आणि साक्षीदार म्हणून आणलेल्या एमिलीला मदत आणायला पाठवतो. वास्तविक तो देह क्रिस्टीनचा असतो, अंगाला रंग लावून पडलेला. एमिली गेल्यावर क्रिस्टीन शिडी चढून हॉटेलकडे पळते आणि जवळच्या गुहेत लपून बसलेल्या खऱ्या अर्लिनाला पॅट्रिक ठार मारतो. खून ‘सापडतो’ तेव्हा तो अजून झालेलाच नसतो.

या योजनेची कौशल्ये अनेक आहेत : अर्लिनाची सोळा वर्षांची सावत्र मुलगी लिंडा हिच्या मनगटी घड्याळाची वेळ पुढे करणे आणि नंतर ती पूर्ववत करणे, खिडकीतून फेकलेली बाटली, भर दुपारी कोणीतरी केलेली आणि कोणीच कबूल न करणारी आंघोळ. यांतील प्रत्येक धागा वाचकासमोर उघडपणे ठेवलेला आहे. १९२९ साली रोनाल्ड नॉक्स यांनी रहस्यकथेसाठी जे दहा नियम सांगितले, त्यांत सूत्र वाचकापासून लपवू नये ही अपेक्षा महत्त्वाची होती; ती ख्रिस्ती येथे काटेकोरपणे पाळतात.

तथापि या सर्व क्लृप्त्या ज्यावर उभ्या आहेत, तो आधार घड्याळाचा नाही. न पाहण्याच्या सवयीचा आहे. एमिली वाळूवर देह पाहते, माणूस पाहत नाही. सुट्टीने तिला शिकवलेले पाहणे एवढेच आहे. घरी, बाजारात किंवा कामाच्या जागी माणूस त्याच्या चालण्यावरून, कपड्यांवरून, कामावरून ओळखला जातो; किनाऱ्यावर ही सारी ओळखीची साधने काढून ठेवलेली असतात. सुट्टी माणसाला त्याच्या कामापासून मोकळे करते, आणि त्याच वेळी त्याच्या ओळखीपासूनही. खुनी या दुसऱ्या मोकळिकीचा उपयोग करतो.

हीच गोष्ट व्यक्तिचित्रणाच्या पातळीवरही घडते. हॉटेलातील प्रत्येकाने अर्लिनाविषयी मत बनवलेले आहे : पुरुषांना नादी लावणारी, संसार मोडणारी, धोकादायक स्त्री. धर्मोपदेशक स्टीफन लेन यांना तर ती मूर्तिमंत पाप वाटते. पायरो हे मत उलटे करतो. पुरुष तिच्या जाळ्यात सापडत नसून तीच पुरुषांच्या जाळ्यात सापडणारी, सहज फसणारी स्त्री होती, हे तो दाखवून देतो. सर रॉबर्ट अर्स्किन यांनी तिच्या नावे ठेवलेल्या ५०,००० पौंडांतील मोठा भाग पॅट्रिकने तिच्याकडून काढून घेतला होता. उलट दुर्बल समजली गेलेली क्रिस्टीन ही बळकट आणि थंड डोक्याची सहगुन्हेगार निघते. सुट्टीच्या ठिकाणी माणसे एकमेकांना माणूस म्हणून ओळखत नाहीत, नमुना म्हणून ओळखतात. ज्या नजरेने वाळूवरचा देह ‘एक रापलेला देह’ ठरवला, त्याच नजरेने अर्लिनाला ‘एक तशी बाई’ ठरवले. खुनाच्या युक्तीत आणि चारित्र्याच्या निवाड्यात एकच दृष्टिदोष आहे, हे दाखवणे हे या कादंबरीचे मोठेपण होय. या दृष्टिदोषाची सर्वांत मोठी किंमत लिंडाला मोजावी लागते. सावत्र आईच्या मृत्यूसाठी मेणाची बाहुली जाळणारी ती मुलगी स्वतःलाच खुनी समजते आणि झोपेच्या गोळ्या घेऊन मरणाच्या दारापर्यंत जाते. तिच्याकडेही कोणी नीट पाहिलेले नसते.

५

असे असूनही ख्रिस्ती यांच्या दृष्टीला एक मर्यादा आहे, आणि ती शोधकाच्या स्थानातून येते. पायरो स्वतः त्या हॉटेलचा पाहुणा आहे. स्थानिक मुख्य पोलीस अधिकारी कर्नल वेस्टन हे त्याला पूर्वीच्या प्रकरणापासून ओळखतात आणि तपास त्याच्या हाती सहज सोपवतात. खोल्यांची व्यवस्था पाहणाऱ्या ग्लॅडिस नॅराकॉटची जबानी घेतली जाते. कोण कोठे होते, काय ऐकू आले, हे ती सांगते. पण तिला स्वतःला या माणसांविषयी काय वाटते, त्यांच्या खोल्या आवरताना तिला कोणते जग दिसते, याला कथानकात फारशी जागा नाही. ती साक्षीदार आहे, निरीक्षक नाही.

त्वेतान तोदोरोव यांनी १९६६ साली रहस्यकथेच्या प्रकारांची चर्चा करताना तिच्यात दोन कथा असतात असे दाखवून दिले : एक गुन्ह्याची आणि दुसरी तपासाची. सुट्टीतल्या रहस्यकथेत पहिल्या कथेचा उगम नेहमी दुसरीकडे असतो. पाहुणे आपला भूतकाळ सामानाबरोबर घेऊन येतात. ‘ईव्हिल अंडर द सन’मध्ये उलगड्याचा निर्णायक दुवा सरे परगण्यातील ॲलिस कॉरिगन हिच्या जुन्या खुनात सापडतो, तेथील पोलिसांकडील छायाचित्रावरून पॅट्रिक रेडफर्न हाच एडवर्ड कॉरिगन असल्याचे सिद्ध होते. गुन्हा बाहेरून आला, पुरावा बाहेरून आला, शोधकही बाहेरून आला. डेव्हनच्या किनाऱ्याचे योगदान वाळू, गुहा आणि भरती-ओहोटी एवढेच उरते. खुनी पकडला जातो तेव्हा पाहुण्यांची घडी पुन्हा बसते. ज्यांनी ती सुट्टी चालवली त्यांच्या जगात काही बदलले का, हा प्रश्न कादंबरीच्या कक्षेबाहेर राहतो.

६

बीटन यांची ‘डेथ ऑफ अ गॉसिप’ हा प्रश्न कक्षेत आणते. एम. सी. बीटन हे मेरियन चेस्नी (१९३६–२०१९) या ग्लासगोत जन्मलेल्या लेखिकेचे टोपणनाव. हेमिश मॅक्बेथ या खेड्यातील पोलिसावरील त्यांच्या दीर्घ मालिकेतील ही पहिली कादंबरी. घटनास्थळ स्कॉटलंडच्या उत्तरेकडील सदरलँड परगण्यातील लॉखडू हे काल्पनिक गाव. तेथे जॉन आणि हेदर कार्टराइट हे दांपत्य गळाने सॅमन व ट्राउट पकडण्याचे वर्ग चालवते. एका आठवड्यासाठी जमलेल्या शिकाऊ मंडळींत अमेरिकन दांपत्य आहे, लष्करी मेजर आहे, लंडनची सेक्रेटरी आहे, बारा वर्षांचा एक मुलगा आहे आणि लेडी जेन विंटर्स आहे. ही बाई वृत्तपत्रात लोकांच्या खाजगी भानगडी लिहिणारी आहे. सहाध्यायांपैकी प्रत्येकाचे काहीतरी गुपित तिला ठाऊक असल्याचे ती सुचवत राहते, आणि अखेर तिचे प्रेत पाण्यात सापडते.

बळीच्या निवडीतच एक उपरोध आहे. लेडी जेन ही एका अर्थाने शोधकच आहे. दुसऱ्याचा भूतकाळ खणून काढणे हे तिचे आणि पोलिसाचे समान काम. फरक आहे तो हेतूचा. तिला माहिती हवी असते ती माणसाला उघडे पाडण्यासाठी आणि त्यावर आपले दुकान चालवण्यासाठी. म्हणून या कादंबरीत एक शोधक मरतो आणि दुसरा शोधक त्याचा तपास करतो, असे म्हणता येईल. जाणून घेणे आणि उघडे पाडणे यांतील नैतिक अंतर हे कादंबरीचे आशयसूत्र आहे.

हेमिश मॅक्बेथ हा रूढ अर्थाने नायक नाही. तो उंच, किडकिडीत, आळशी वाटणारा. फुकटच्या कॉफीसाठी हॉटेलात डोकावणारा. धाकट्या भावंडांसाठी घरी पैसे पाठवणारा. चोरून मासे धरण्यालाही त्याची ना नाही. स्ट्रॅथबेनहून आलेला चीफ इन्स्पेक्टर ब्लेअर त्याला मूर्ख समजून तपासापासून दूर ठेवतो. लेडी जेनही त्याचा जाहीर अपमान करते. पाहुण्यांच्या लेखी तो गावच्या देखाव्याचा एक भाग आहे, डोंगर, तळे आणि मेंढ्या यांच्यासारखा. पण जो दिसत नाही त्याच्यासमोर माणसे सावध राहत नाहीत. ग्लॅडिस नॅराकॉटची अदृश्यता ही तिची मर्यादा होती. हेमिशची अदृश्यता ही त्याची शक्ती ठरते.

७

हेमिशच्या तपासाची पद्धत या दृष्टीने विशेष उद्बोधक आहे. पाहुण्यांचा भूतकाळ शोधण्यासाठी तो देशोदेशी पांगलेल्या आपल्या नातेवाइकांना दूरध्वनी करतो. कोणाचा आतेभाऊ, कोणाची मावशी. जेथून पाहुणा आला तेथे मॅक्बेथ कुळातले कोणीतरी आहेच. कादंबरीत हा भाग विनोदाच्या अंगाने येतो. परंतु स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातील माणसे जगभर का पांगली, हे लक्षात घेतले तर त्या विनोदाखाली इतिहासाचा एक थर दिसू लागतो.

एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत सदरलँडच्या सरदार घराण्याच्या जमिनीवरून हजारो कुळांना हुसकावून लावण्यात आले. शेती आणि गुरे यांपेक्षा मोठ्या प्रमाणावर पाळलेल्या मेंढ्या जमीनदाराला अधिक किफायतशीर वाटत होत्या. स्ट्रॅथनेव्हर खोऱ्यातील घरे जाळल्याच्या प्रकरणात पॅट्रिक सेलर या अधिकाऱ्यावर १८१६ साली खटला झाला. तो निर्दोष सुटला. हुसकावलेल्यांतील काही किनाऱ्यावर वसले, काही समुद्रापलीकडे गेले. पुढे त्याच शतकात मेंढ्यांच्या जागी हरणांची शिकार आणि सॅमनची मासेमारी यांसाठी राखलेल्या जमिनी आल्या. सॅमन धरण्याचा हक्क स्कॉटलंडमध्ये मालमत्तेचा हक्क मानला जातो. नदीकाठी राहणाऱ्याला तो आपोआप मिळत नाही.

या पार्श्वभूमीवर लॉखडूतील मासेमारीचा वर्ग निव्वळ गमतीचा राहत नाही. जो मासा गावच्या माणसाने धरला तर चोरी, तोच मासा पाहुण्याने शुल्क भरून धरला तर सुट्टी. हेमिशचे चोरून मासे धरणे ही त्यामुळे केवळ स्वभावातील लकब नाही. कायद्याच्या रक्षकाने कायद्यामागील अन्यायाला दिलेली मूक नापसंतीही तिच्यात वाचता येते. आणि ज्या विस्थापनाने गाव रिकामे झाले, त्याच विस्थापनाने गावाला जगभर डोळे आणि कान दिले. ज्यांच्या पूर्वजांना या भूमीवरून हाकलले त्यांची नातवंडे-पतवंडे आता तेथे सुट्टीला येणाऱ्यांचा भूतकाळ सांगतात. बीटन हा इतिहास तपशिलाने मांडत नाहीत आणि तसा त्यांचा दावाही नाही. पण त्यांची रचना या इतिहासाशिवाय पूर्णपणे कळत नाही.

पायरोला भूतकाळ मिळतो तो पोलिसी दप्तरातून; हेमिशला मिळतो तो नात्यांच्या जाळ्यातून. एक पद्धत राज्यसंस्थेची, दुसरी कुळाची. दोन शोधकांमधील भेद बुद्धिमत्तेचा नाही; ज्ञान कोठे साठवलेले असते याविषयीच्या विश्वासाचा आहे.

८

मग बीटन यांची कादंबरी ख्रिस्ती यांच्या कादंबरीपेक्षा श्रेष्ठ ठरते का? असा निष्कर्ष घाईचा होईल. रचनेची घट्ट वीण, सूत्रांची मांडणी आणि उलगड्याची अपरिहार्यता या बाबतींत ‘ईव्हिल अंडर द सन’ निर्विवादपणे वरचढ आहे. बीटन यांची पात्रे अनेकदा ठोकळेबाज होतात. ब्लेअर हा तर जवळजवळ व्यंगचित्र आहे. पाहुणे एकमेकांना नमुना म्हणून पाहतात हा दोष ख्रिस्ती उघड करतात. बीटन काही वेळा स्वतःच पाहुण्यांना, आणि गावकऱ्यांनाही, नमुना म्हणून रंगवतात. अमेरिकन दांपत्य कसे बोलेल, मेजर कशी बढाई मारेल, हे वाचकाला आधीच ठाऊक असते.

याहून सूक्ष्म मर्यादा आणखी एक आहे. मालिकेत हेमिश वारंवार आपल्या यशाचे श्रेय ब्लेअरला घेऊ देतो, कारण बढती मिळाली तर लॉखडू सोडावे लागेल. हा त्याग मोहक आहे. पण त्याचा परिणाम असा होतो, की गावाचे ज्ञान सत्तेपर्यंत कधीच पोहोचत नाही. लॉखडू जसेच्या तसे राहते, आणि तसे ते राहावे हीच वाचकाची इच्छा असते. १९९५ ते १९९७ या काळात बीबीसीने या पात्रावर दूरचित्रवाणी मालिका केली. रॉबर्ट कार्लाइल यांनी हेमिशची भूमिका केली आणि चित्रीकरण प्लॉक्टन या गावी झाले. कादंबरीतील गाव अशा रीतीने पडद्यावर पाहण्याजोगा देखावा बनला. गावाला दृष्टी देणारी कादंबरी अखेरीस गावाला दृश्यही बनवते, हा अंतर्विरोध नाकारता येत नाही.

येथे वाचकाचे स्थानही तपासावे लागते. रहस्यकथा बहुतेक वेळा फावल्या वेळी वाचली जाते. प्रवासात, सुट्टीत, झोपेपूर्वी. म्हणजे वाचक स्वतःच त्या कथेत काही तासांसाठी आलेला पाहुणा असतो. ख्रिस्ती त्याला पाहुण्यांच्या बैठकीत खुर्ची देतात आणि मग त्याच्या पाहण्यातील चूक दाखवतात. बीटन त्याला गावकऱ्याच्या शेजारी बसवतात आणि पाहुण्यांना हसण्याची मुभा देतात. पहिल्या अनुभवात अस्वस्थता अधिक आहे, दुसऱ्यात आपुलकी. एमिली ब्रूस्टरप्रमाणे आपणही वाळूवर देहच पाहिला, माणूस पाहिला नाही, हे ध्यानात आलेला वाचक काही शिकून उठतो. हेमिशबरोबर हसलेल्या वाचकाला ते शिकण्यासाठी थोडे अधिक थांबावे लागते. त्याला विनोदाखालचा इतिहास स्वतः शोधावा लागतो.

९

मराठीत रहस्यकथेची परंपरा विपुल आहे. बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजार आणि काळापहाड यांनी कित्येक पिढ्यांना वाचनाची गोडी लावली. तरीही वर्गात रहस्यकथेची चर्चा निघते तेव्हा ती बहुधा लोकप्रियता, भाबडेपणा आणि रंजन या तीन शब्दांत आटोपते. वरील विवेचनावरून असे दिसून येईल, की या वाङ्मयप्रकाराला विचारण्याजोगे अधिक नेमके प्रश्न आहेत. कथेतील स्थळावर कोणाचा हक्क आहे? तेथे कोण काम करते आणि कोण विश्रांती घेते? शोधक या दोहोंपैकी कोणाच्या बाजूने आत येतो? कोणाची माहिती ‘पुरावा’ ठरते आणि कोणाची नुसती ‘जबानी’ राहते? उलगड्यानंतर कोणाचे जग पूर्ववत होते?

हे प्रश्न महाबळेश्वर किंवा माथेरान येथे घडणाऱ्या मराठी कथेलाही तितक्याच सरळपणे लागू करता येतील. ही दोन्ही ठिकाणे एकोणिसाव्या शतकात इंग्रज अधिकाऱ्यांच्या हवापालटासाठी विकसित झाली. त्यापूर्वीही तेथील डोंगरात माणसे राहत होती, आणि पुढे तेथील सुट्टी चालू ठेवण्याचे कष्टही माणसांनीच उपसले. अशा स्थळी घडणारी रहस्यकथा अभ्यासकाच्या हाती आली, तर त्याने खुन्याच्या शोधाबरोबरच ओझे वाहणाऱ्याचा, घोडा हाकणाऱ्याचा आणि बंगल्याच्या रखवालदाराचा शोध घ्यावा. ते कथेत बोलतात की नुसते उत्तर देतात, एवढे पाहिले तरी त्या कथेची नजर कोणाची आहे हे कळते.

रहस्यकथा न्यायाचे आश्वासन देते, असे सामान्यतः मानले जाते. मात्र न्यायाआधी दर्शन यावे लागते; जे दिसत नाही त्याला न्यायही मिळत नाही. अर्लिना मार्शलला मृत्यूनंतर पायरोने एकदा नीट पाहिले आणि तिची खरी प्रतिमा उभी राहिली. ग्लॅडिस नॅराकॉटला ते भाग्य लाभले नाही. लॉखडूच्या पोलिसाला कोणी पाहिले नाही, म्हणून त्याने सर्वांना पाहिले. सुट्टीतल्या रहस्यकथेचे वाङ्मयीन मूल्य ठरवताना तिच्यातील खुनाची युक्ती किती चतुर आहे, याबरोबर तिची दृष्टी किती माणसांपर्यंत पोहोचते, हाही निकष लावला पाहिजे.